सर चहाला आले होते

सर, तुम्ही आमच्या घरी चहा प्यायलात, त्या संध्याकाळचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. पुण्याहून मित्राचा फोन आला तेव्हा मी इथे परदेशात, क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवत होतो. "फार वाईट झालं," एवढं म्हटलं आणि उरलेला भात संपवला.

तुमची रीत सगळ्या मैदानाला ठाऊक होती. आपल्या क्रिकेट क्लबच्या संघात कुणाला घ्यायचं हे ठरवण्याआधी तुम्ही त्या मुलाच्या घरी चहाला जायचात. मैदानावर हात बघायचात आणि घरी माणसं. सर चहाला आले म्हणजे निवड झालीच, असं आम्ही धरून चालायचो. म्हणून तुम्ही येणार कळल्यावर आईने साबुदाणावडे तळले, बाबा ऑफिसातून लवकर आले. तुम्ही पंख्याखालच्या खुर्चीत बसला आहात आणि मी पाण्याचा ट्रे धरून उभा आहे. तुमची नजर माझ्या खांद्यांवर नाही, पुस्तकांच्या कपाटावर आहे. मग तुम्ही बाबांना म्हणता, "घर चांगलं आहे तुमचं. पोरगा हुशार आहे. याचं क्रिकेटवाचून काही अडणार नाही, शिकू द्या याला." वडे छान झालेत, असंही म्हणता. बाबा इतके खूश झाले की तुम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले.

वेगवान गोलंदाजाची एकच जागा होती. ती माझ्याबरोबर धावणाऱ्या, सायकल दुरुस्तीवाल्याच्या मुलाला मिळाली. त्याला दुसरं काही नाही म्हणून त्याला घेतलं आणि मला सगळं आहे म्हणून मला वगळलं, असं मी समजलो. दोन मोसमांत त्याचा खांदा गेला आणि तो वडिलांच्या दुकानात बसला. म्हणजे तुमचा उपकार त्यालाही पुरला नाही. मला मात्र तुम्ही सरळ कात्रजचा घाट दाखवलात, तोही आमच्याच घरचे वडे खाऊन.

मग मी शिकलो, इंजिनीअर झालो, इथे आलो. इथल्या आंग मो किओ भागातली आमची कंपनी खेळाडूंचे व्हिडिओ तपासून देते, बहुतेक बेसबॉलचे. अमेरिकेत दरवर्षी ड्राफ्ट असतो, म्हणजे व्यावसायिक क्लब हौशी पोरांमधून पाळीपाळीने आपापली माणसं उचलतात. त्याच्या आधीचे काही महिने मी पडद्यावर अनोळखी पोरांचे हात बघतो. चेंडू सोडताना कोपर कुठे असतं, दमल्यावर खांदा किती पडतो, तुम्ही बघायचात तेच सगळं. बायको हसते, "शेवटी सरांच्याच वळणावर गेलास." मला ते झोंबतं. पाहुण्यांसमोर मी 'सरांनी तेव्हा डावललं नसतं तर' असं सुरू केलं, की ती उठून स्वयंपाकघरात जाते. "झाली याची कसोटी सुरू, आता पाच दिवस."

गेल्या महिन्यात साहेबांनी बोलावलं. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक पिचर, म्हणजे त्यांच्याकडचा चेंडू टाकणारा, सुट्टीत इथे आई-वडिलांकडे आला होता. ड्राफ्टआधी घरच्यांना भेटून यावं, असं आम्हाला काम देणाऱ्या अमेरिकन क्लबचं म्हणणं होतं. घर मराठी निघालं. "युवर पीपल, यू गो अँड सी लाह," साहेब म्हणाले.

इथल्याच ईस्ट कोस्ट भागात समुद्राजवळ कॉन्डो, म्हणजे महागडा फ्लॅट, बाप बँकेत मोठ्या हुद्द्यावर, भिंतभर पुस्तकं. आईने "आधी खाऊन घ्या, मग बोलू" म्हणत पोहे पुढे केले. पोराचे व्हिडिओ मी इतके बघितले होते की त्याची चालही ओळखीची वाटली. सुरुवातीला चेंडू झकास जातो. थोडा दमला की खांदा पडतो आणि मग चेंडूत काही राम उरत नाही. वय वाढलं तरी हे सुधारणारं नव्हतं, मला स्वच्छ दिसत होतं. बाप म्हणाला, "स्पष्ट सांगा. कॉलेजची ॲडमिशन हातात आहे, आणि हा म्हणतो, ती सोडून बेसबॉलच खेळतो. सोडू द्यावी का?"

पोरगा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "घर चांगलं आहे तुमचं. मुलगा हुशार आहे. याचं बेसबॉलवाचून काही अडणार नाही."

वाक्य तोंडातून पूर्ण बाहेर पडलं, तेव्हा ते कुणाचं आहे हे मला कळलं.

"सो आय ॲम नॉट गुड इनफ, इज इट?" पोराने विचारलं. मी "तसं नाही रे, तसं नाही" म्हणत पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करत राहिलो. बाप खूश होऊन मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. क्लबला मी एका ओळीत कळवलं, की हात कमी पडतो.

तिथून निघून समुद्राकाठच्या बाकावर बसलो. तुम्हीही तेच केलं असेल का, सर? माझा हात कमी पडत होता, आणि ते तोंडावर सांगवेना म्हणून आमच्या पुस्तकांच्या कपाटाआड लपलात का? या विचाराने राग उतरायला हवा होता. तो वाढला. अन्याय झाला म्हणून मी इतकी वर्षं ताठ मानेने जगलो. 'तू कमी पडतोस,' एवढं म्हटलं असतंत तर चार दिवस रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्या पोराला मी मोकळं केलं नाही, आणि मला तुम्ही केलं नाहीत. आणि कदाचित तुम्ही खरंच माझा हात बघून नाही, घर बघूनच मला वगळलं असेल. आता विचारायचं कुणाला?

म्हणायला एक वाट आहे. त्याच वर्षी मामाने आमची एक मॅच कॅमेऱ्यावर घेतली होती. मागच्या दिवाळीत मामेभावाने ती जुनी कॅसेट उतरवून मोबाइलवर पाठवली. त्यात माझी एक अख्खी ओव्हर आहे म्हणे. ओव्हरसुद्धा लागणार नाही, दोन चेंडूंत मला कळेल. माझं पोटच त्यावर चालतं.

मी ती अजून उघडलेली नाही, सर.