एगर्ट शेतवाडी आणि तिची एक टोपी

मी वाल्बुर्गा राइफर, वय सत्तेचाळीस, शिक्षिका आणि शेतमालकीण, राहणार एगर्ट शेतवाडी, गाव ओबरलान, स्वतंत्र दक्षिण तिरोल, माझ्या मागे काय व्हावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. पोटातली गाठ आता बोटांना लागते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला लिहिताना ते म्हणाले, "बाई, तुमचं डोकं जरा जास्तच ठिकाणावर आहे." हे मी कोणाच्या धाकाने किंवा भिडेने लिहीत नाही. रागाने लिहीत नाही, असे मात्र म्हणू शकत नाही. शेवटच्या कागदावर तरी खोटे विधान नको.

कलम १. माझी जर्मन पुस्तके गावच्या शाळेला द्यावीत. इटालियन पुस्तकेही शाळेलाच. ती नको असतील तर जर्मनही देऊ नयेत. बँकेतल्या शिल्लकेतून डॉक्टर, पाद्री आणि शवपेटी करणारा सुतार यांचे भागवावे. उरेल त्यातून शाळेला सरपण घ्यावे. काळी लोकरी शाल शेजारीण क्रेसेन्झ हिला. माझे लग्न झाल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही. आता बोलावे लागेल ही धास्तीही उरणार नाही, तेव्हा शाल घ्यायला हरकत नसावी.

कलम २. खिडकीशी टांगलेली पितळी शिट्टी ग्रामकचेरीचा कारकून वास्टल इन्नरहोफर याला.

ही शिट्टी माझ्या नवऱ्याची, एटोरे झानोलिनची. इथे इटलीचे राज्य होते आणि मुलांना त्यांची मातृभाषा जर्मन शिकवणे गुन्हा होता, तेव्हा मी पादुआहून शिकून आले आणि आमच्या बटाट्यांच्या तळघरात शाळा भरवू लागले. एटोरे खालच्या सखल इटालियन मुलखातला, सरकारी रस्तादुरुस्तीवाला. चढावर पोलीस दिसले की तो ही शिट्टी वाजवी. मग पाट्या बटाट्यांखाली जात आणि मुले बटाटे निवडू लागत. त्याला यासाठी कोणी काही दिले नाही आणि त्याने मागितलेही नाही. वास्टल माझ्याकडे त्या तळघरात वाचायला शिकला. उच्चार स्वच्छ, आवाज खणखणीत. पुढे एटोरेला गावाबाहेर काढण्याची सूचना चर्चच्या चौकात त्यानेच वाचली, आणि एकाही शब्दाला अडखळला नाही. शिक्षिका म्हणून मला हे नोंदवले पाहिजे. शिट्टी वाजवण्याची सक्ती नाही. जेवायच्या टेबलासमोर टांगावी, एवढेच.

कलम ३. एगर्ट शेतवाडी.

आमच्याकडे शेतवाडी तोडत नाहीत. घर, गोठा, कुरण आणि वरचे रान एकाच वारसाला जाते. बाकीच्या भावंडांना हयातभर छप्पर आणि ताट मिळते, तेही शेतवाडी उभी असेतोवर. थोरला म्हणून ती माझ्या भावाला, कॅसियानला मिळायची होती. १९३९ साली सर्वांना विचारले गेले, जर्मनीला जाता की राहता. कॅसियान गेला. वडील राहिले, मी राहिले. वडिलांनी शेतवाडी माझ्या नावे केली आणि चार वर्षांनी वारले. पुढच्या वर्षी मी एटोरेशी लग्न केले.

१९४७ च्या तहात मोठ्या देशांनी नवी रेघ ओढली. दक्षिण तिरोल इटलीपासून सुटले आणि स्वतंत्र झाले. त्या दिवशी चौकात मीही नाचले. एटोरेही नाचला, वाईट नाचला. वर्षभराने कॅसियान रिकाम्या हाताने परत आला. मी त्याला वरची खोली दिली.

मग नवा कायदा आला. इटालियन भाषेच्या माणसाला इथे राहायचे असेल किंवा जमीन धरायची असेल तर गावाने त्याची हमी घ्यावी. हमीची रीत आमची जुनीच: रविवारी प्रार्थनेनंतर चौकात गावप्रमुख नाव घेऊन तीनदा विचारतो, आणि हमी घेणारा टोपी काढतो. एरवी आमचे पुरुष टोपी काढतात ती देवासमोर आणि प्रेतासमोर. एका शेतवाडीची एक टोपी. सगळ्या गावाने काढायची गरज नाही, एक निघाली तरी पुरते. बाईची टोपी मोजत नाहीत. मालकीण मी असले तरी एगर्टची टोपी घरातल्या पुरुषाच्या, म्हणजे कॅसियानच्या डोक्यावर होती.

१९४९, फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणानंतरचा रविवार. कारंजे गोठले होते. एटोरे मधे उघड्या डोक्याने उभा होता, कारण सर्वांना मान द्यावा असे त्याला वाटले. गावप्रमुख विन्सेन्झ रोटनश्टायनरने एकदा विचारले, दोनदा विचारले. मागून कोणीतरी म्हणाले, "एटोरे, खाली तुमच्याकडे उन्हाळा लवकर येतो म्हणे. जा, शेकून घे." लोक हसले. एटोरेही हसला आणि म्हणाला, "माझी एक निघाली आहे. ती धरता येत नाही का?" मी माझी टोपी काढली. विन्सेन्झ म्हणाला, "बुर्गा, घाल ती. सर्दी होईल." त्याने तिसऱ्यांदा विचारले. मी कॅसियानकडे पाहिले. तो कारंज्याकडे पाहत होता.

घरी चढताना मी त्याला विचारले, "का?"

"गार होतं, बुर्गी. कान गळून पडले असते."

"एका क्षणाचं काम होतं."

"आणि नंतर? आयुष्यभर मला इटालियनांचा नोकर म्हणाले असते. आधीच जर्मनीहून हात हलवत आलो म्हणून हसतात." थोडे चालल्यावर तो म्हणाला, "शिवाय शेतवाडी घरातच राहील."

एटोरे खाली पो नदीच्या काठी त्याच्या बहिणीकडे गेला. मी सोबत गेले नाही. मालक शेतवाडी सोडून गेला तर ती पुढच्या भावंडाला जाते, आणि अर्ज करून वर्षभरात त्याला परत आणता येईल असे आम्हा दोघांना वाटत होते. अर्ज केले. तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर पोला पूर आला. एटोरेने बहिणीची मुलगी ब्रूना हिला खांद्यावर घेऊन होडीत चढवले. होडीत आणखी एकाची जागा नव्हती. आज त्याला दहा वर्षे झाली. आमच्या डोंगरउतारावर पूर येत नाही.

म्हणून: एगर्ट शेतवाडी, अखंड, मी ब्रूनाला देते. ती आज चोवीस वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात ती इथे येऊन राहिली. कॅसियानने तिला विचारले, "गवत कापता येतं का?"

"शिकेन."

"खाली तुम्ही काय कापता, चिखल?"

"चिखल कापावा लागत नाही," ती म्हणाली. "तो आपणहून घरात येतो."

उतारावर ती दोनदा घसरली. तिसऱ्या दिवशी कॅसियानने तिच्या बुटांना स्वतःचे लोखंडी खिळ्यांचे पट्टे बांधून दिले. हेही मी नोंदवते, कारण ते घडले.

ब्रूना इटालियन भाषेची आहे. तिला जमीन धरायची तर चौकात एक टोपी निघाली पाहिजे. ती एगर्टचीच निघाली पाहिजे, अशी माझी अट आहे. दुसऱ्या कोणाची चालणार नाही. टोपी निघाली तर शेतवाडी ब्रूनाची, आणि कॅसियानला तिच्या घरात हयातभर वरची खोली आणि ताट. टोपी निघाली नाही तर शेतवाडी वनखात्याला जावी. त्यांनी छप्पर उतरवावे, गोठा पाडावा आणि कुरणावर पाइन लावावेत. शेतवाडीबरोबर कॅसियानची खोली आणि ताटही संपेल. वनखात्याने हे लेखी मान्य केले आहे.

कलम ४. कॅसियानबद्दल.

गेले चार महिने तो मला उचलून खिडकीशी बसवतो. पिठाची लापशी करतो, गार होईपर्यंत फुंकतो, चमचा धरतो. मी ओकले तर पुसतो. रात्री जिन्यावर बसून राहतो आणि मी हाक मारली तर म्हणतो, "इथंच आहे." शेतवाडीसाठी करतो का, हे मी बराच काळ तपासून पाहिले. नाही, तो माझ्यासाठीच करतो. मी हे त्याच्या बाजूला मांडले, आणि दुसऱ्या बाजूला ती टोपी मांडली. पुन्हा पुन्हा मांडून पाहिले. लापशी कमी पडते.

कच्च्या मसुद्यात मी "न्यायासाठी" असा शब्द लिहिला होता. तो काढला. हा सूड आहे. मेलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही हे मला कळते, आणि तरीही मी मजकूर बदलत नाही.

कलम ५. अंत्यविधी आणि त्यानंतर.

विन्सेन्झ अजून गावप्रमुख आहे. इथवरचा कागद त्याने काल दोनदा वाचला. मग म्हणाला, "बुर्गा, एक सुचवू? प्रश्न तुझ्या पेटीसमोरच विचारतो. पेटी चौकात असली की सगळ्यांच्या टोप्या उतरलेल्याच असतात. कॅसियानचीही. मी लिहीन, एगर्टची टोपी निघाली. पोरीला घर मिळेल, त्याची खोली राहील, कुणाची मान खाली जाणार नाही."

"चांगली युक्ती आहे."

"मग करू तसं?"

"ही तुला तेव्हा का सुचली नाही?"

तो म्हणाला, "तेव्हा पेटी नव्हती."

खाली लापशी ढवळल्याचा आवाज येत होता. विन्सेन्झ हळू आवाजात म्हणाला, "तो नाही काढणार, बुर्गा. मरेल पण सगळ्यांदेखत नाही काढणार. ओळखतेस तू त्याला."

मी म्हटले, ओळखते.

रात्रभर विचार केला. त्याची युक्ती सर्वांच्या भल्याची आहे, ब्रूनाच्याही, आणि ब्रूनाने माझे काही बिघडवलेले नाही. हे समजून उमजून मी लिहिते:

माझ्या पेटीसमोर कोणताही प्रश्न विचारू नये. आधी मला पुरावे. पुरुषांनी टोप्या परत घालाव्यात, खानावळीत जाऊन बार्लीचे सूप आणि डुकराचे मांस पोटभर खावे. त्यानंतर मेणबत्त्यांच्या सणानंतरच्या रविवारी, प्रार्थना सुटल्यावर, कारंज्यापाशी, ब्रूनाला मधे उभी करून गावप्रमुखाने तीनदा विचारावे. सूचना वास्टलने वाचावी. कारंजे गोठलेले असले पाहिजे.

ते गोठलेले नसेल तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावे.

हा मजकूर मी वाचून पाहिला. वरील सर्व मला मान्य आहे. खाली साक्षीदारांसमोर सही केली.

वाल्बुर्गा राइफर

साक्षीदार:
विन्सेन्झ रोटनश्टायनर, गावप्रमुख (युक्ती नाकारल्याची मला समज दिली आहे.)
मरिडल कुएन्त्सर, सुईण (बाई असल्याने हिची टोपी मोजत नाहीत, सही चालते.)

ओबरलान, एगर्ट शेतवाडी
१४ नोव्हेंबर १९६१