खिडकीचा खालचा कोपरा

आई, डिंडोलीच्या खोलीतल्या खिडकीवरची तपकिरी फिल्म खालच्या डाव्या कोपऱ्यात सुटलेली नाही, ती कापलेली आहे. काल काचवाल्याने पाहून सांगितलं. इतकी वर्षं मी ती उन्हाने निघाली असं समजत होते. त्याने कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "ताई, आपोआप सुटली असती तर कड वाकडीतिकडी असती. हे ब्लेडचं काम आहे, पट्टी धरून केलेलं." चौकोन तळहाताएवढा आहे. बरोबर त्याच्यापुढे तुझा दोऱ्यांचा पत्र्याचा डबा असायचा, म्हणून तू होतीस तोवर तो आम्हाला कधी दिसला नाही.

खोलीला एकच खिडकी, तीही पश्चिमेला. दार उघडायचं ते झाकलेल्या बोळात, तिथे दुपारीही बल्ब लावावा लागे. मागच्या रस्त्याच्या धुळीमुळे खिडकीचे काचेचे पल्ले बंदच. आप्पा लूमवर रातपाळी करून सकाळी यायचे, भाकरी खाऊन आडवे व्हायचे, आणि दुपारी दोनला ऊन नेमकं त्यांच्या तोंडावर यायचं. तू खिडकीवर गोधडी टांगायचीस. मग तुला दिसायचं नाही, म्हणून तिची एक कड उचलून खिळ्याला अडकवायचीस. तुझं सगळं काम त्या उजेडावर. साड्यांना फॉल आणि लेस लावणाऱ्या बायका गल्लीत घरोघरी होत्या, पण दोऱ्याची छटा जुळवायला सगळ्या तुझ्याकडे यायच्या. तू साडीचा काठ आणि रीळ एकत्र काचेशी धरायचीस, मान थोडी तिरपी करायचीस आणि "हाई नही, ते" एवढंच म्हणायचीस. काम देणाऱ्या शेठचा माणूस साड्यांचे गठ्ठे आधी आपल्या दारात उतरवायचा, ते तुझ्या त्या तिरप्या मानेसाठी. आपल्या घरात कौतुक कुणी कुणाचं करत नसे, पण त्या वेळी बायका गप्प उभ्या राहायच्या, हे मी पाहिलेलं आहे.

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आप्पांना चालू लूमसमोर उभ्या उभ्या दोनदा डुलकी लागली. तिसऱ्यांदा लागली तर गावाकडची गाडी पकडा, असं कारखानेवाल्याने तोंडावर सांगितलं. मी नुकतीच छापखान्यात लागले होते. पहिला पगार झाला तशी मी मोटारीचे सीटकव्हर विकणाऱ्या दुकानातून फिल्म आणली, काचेवर साबणाचं पाणी मारलं आणि शाळेच्या फूटपट्टीने बुडबुडे काढत ती चिकटवली. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय व माय, घरले मोटारनी काच? आते एक हॉर्न बी लाई ले." तू हसलीस, आणि त्यांना आत बोलावून खोली किती गार झाली ते दाखवलंस.

फायदे खरे होते, ते मी आजही नाकारत नाही. फरशीवर दुपारी पाय ठेवता येऊ लागला. काचेखाली रचलेल्या साड्यांच्या घड्या उन्हाने विटायच्या, ते थांबलं. रस्त्यावरून जाणारे आत डोकवायचे, त्यांना आता स्वतःचंच तोंड दिसायचं. पाच वाजता उठून आप्पा म्हणाले, "आज गावसारखी झोप लागनी." त्यांनी चहा मागितला तेव्हा आवाजात चिडचिड नव्हती. त्यानंतर त्यांना लूमवर डुलकी लागली नाही.

आणि मग गठ्ठा परत आला. वांगी रंगाच्या साड्यांना सगळ्या गल्लीने जांभळा दोरा लावला होता, तू दाखवला तो. शेठचा माणूस बोळातल्या बल्बखाली साडी उघडून उभा आहे. "मासी, आ शुं कर्युं? तमे तो आँख बंद करके रंग बोलते थे!" मागे तीन बायका, ज्यांना ते सगळं उसवायचं होतं. त्यांच्यातल्या एकीने "वय व्हयनं" असं पुटपुटलं, आणि तू त्रेचाळीस वर्षांची होतीस. तू साडी हातात घेतलीस, खिडकीशी नेलीस, बराच वेळ पाहत राहिलीस. मग एकदा आप्पांकडे पाहिलंस. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. एकदा माझ्याकडे. वळून तू म्हणालीस, "मन्हा डोयाच गयात आते."

दुसऱ्या दिवशी वांगी आणि जांभळं, दोन्ही रिळं मी गच्चीवर नेऊन पाहिली. उघड्या उन्हात ती एकमेकांसारखी मुळीच नव्हती. खाली येऊन फिल्ममागे धरली, तर जुळे भाऊ. मला कळलं. आणि रविवारी मीच तुला चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, नंबर नसल्यातच जमा आहे. मी म्हटलं, तरी द्या.

दिवाळीपर्यंत तुझ्याकडे कुणी रीळ आणलं नाही. तू नुसते फॉल लावत राहिलीस. मग एकदा काकूच अडल्या म्हणून आल्या. तू चष्मा लावून डब्याआड वाकलीस आणि छटा अचूक सांगितलीस. हळूहळू सगळ्या परत आल्या. चष्म्याने काम केलं, असं गल्ली म्हणायची, मीही म्हणायचे. तुझ्या समोर, मोठ्याने. तू नाकावरचा चष्मा वर सरकवायचीस, बस.

आप्पांच्या झोपेसाठी मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. आई, तसं नव्हतं. झोपेची काळजी तू केलीस. माझ्या हाताने लावलेली पहिली वस्तू चुकली, एवढंच मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

खोलीत आता विदर्भातली एक मुलगी भाड्याने राहते. नवरा हजीऱ्याला कारखान्यात रातपाळी करतो, दिवसा झोपतो. फिल्म बदलून द्या असं तिनेच सांगितलं. ती मशीनवर ब्लाउज शिवते. नवी फिल्म फिकी आहे, रंग फारसे फिरत नाहीत म्हणे. तरी खालचा कोपरा मोकळा ठेवा, असं मी काचवाल्याला सांगून आले. "तिथून ऊन येईल ना, ताई." मी म्हटलं, येऊ द्या.

हे पत्र घडी करून तुझ्या डब्यात जाईल, दुसरं कुठे पाठवणार? ते वांगी रीळही त्यातच आहे. उद्या चार वाजता काचवाला येईल. जुनी फिल्म उतरवायला अर्धा तास लागेल म्हणाला.