पाठीवरचे बंद

विशाखा,

तू पाण्याला गेलीस म्हणून लिहायलोय. बुद्धजयंतीच्या नाटकाचं सामान घेऊन मी दुबलगुंडीला पुढं चाललोय.

सिद्धार्थाच्या अंगरख्याचे बंद पाठीवर बघून "उलटा शिवलीस, उसव" म्हणून ओरडलो. तू उसवली न्हाईस, बरं केलीस. काल रुसून तालमीला आली न्हाईस. तिथं सिद्धार्थानं मागं हात नेऊन बंद ओढला, अंगरखा झटक्यात गळला अन् आतलं भिक्षूचं चीवर दिसलं! सगळे बघतच राहिले. वीस वर्षं शिलाई करायलोय, मला सुचलं नसतं. तू तर ह्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत शिवायला शिकलीस.

ही अक्कल कुणाची म्हणून लोक विचारले. मी 'माझी' म्हणलो.

आज पडद्याआधी माईकवर तुझं नाव सांगणार हाय. दुपारच्या बसनं आईसंगं ये. आईला पुढं बसव. तू सुईदोरा घेऊन पडद्यामागं, माझ्या जागी उभी राहा.

अप्पा