अर्धे गेले, अर्धे आले

मी, हेल्मी कंगासनिएमी, वय एकोणऐंशी, राहणार लोही तळे, उत्तर मिशिगन, गुडघ्यांनी निकामी पण डोक्याने ठणठणीत, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर मंगळवारच्या ग्रामसभेच्या धास्तीने लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र मी शेगडीत घातले.

१. राहते घर आणि सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, माझ्या दिवंगत बहिणीची मुलगी तैमी हिला. सौनाचे दार उचलून ओढावे, लाथ मारू नये.

२. माझी बर्फ फोडायची पहार ग्रामसभेचा अध्यक्ष विल्बर्ट हाकाला याच्याकडे आहे, ती त्यालाच राहू द्यावी. मागून मागून मी थकले.

३. तळ्याकाठची जमीन आणि धक्काही तैमीला, पण एका अटीवर. होड्या उतरवायला दुसरी जागा नाही, म्हणून तळ्यात आठ हजार पांढरे मासे मोजले जाईपर्यंत तिथल्या फाटकाला कुलूप राहील. वीस वर्षे बंद असलेली जाळी तळ्यात पुन्हा सोडण्यावर मंगळवारी मतदान आहे. विल्बर्ट सांगत फिरतो, "वीस वर्षांत जवळजवळ चौपट झाले, अजून किती धरून बसायचं?" कशाच्या चौपट, हे कोणी विचारत नाही. अकराशेच्या. दरसाल सात टक्के वाढले, दर वर्षीचे सात टक्के आधीच्या वाढीवरही चढले, तेव्हा कुठे आज सव्वाचार हजार भरतात. आठ हजारांना अजून दहा वर्षे तरी लागतील.

४. अकराशे कसे उरले, ते आता लिहिते.

माशांची मोजणीदार मी होते. एका वाईट हिवाळ्यात मासे पन्नास टक्क्यांनी घटले, पुढच्या वर्षी पन्नास टक्क्यांनी वाढले. सभेत विल्बर्ट म्हणाला, "अर्धे गेले, अर्धे आले, फिटंफाट. बाई, जाळी सोडायची ना?" मी म्हणाले, "सोडा." आठ हजारांचे चार हजार झाले होते, आणि चार हजारांचे अर्धे दोनच हजार. तळ्यात सहा हजार होते आणि आम्ही आठ हजारांच्या मापाने तीन वर्षे उपसले.

मासे संपले तेव्हा गावाला चोर हवा होता. माझा धाकटा भाऊ उर्हो अंडी घालायच्या खडकांवर चोरून जाळी टाकतो, अशी आवई उठली. त्याचा परवाना गेला, कोणीतरी त्याची जाळी कापली. तो माझ्या दारात येऊन म्हणाला, "ताई, तू तरी सांग त्यांना, मी चोरी केली का?"

चूक मला आदल्याच आठवड्यात सापडली होती. मी म्हणाले, "मला काय माहीत?"

त्यानंतर वीस वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही. त्या चुकीची मला लाज वाटते, आणि नोकरी जाईल म्हणून गप्प बसले याची जास्त वाटते.

५. हे चौथे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता मंगळवारी मतदानाआधी सभेत वाचावे. कोणी न वाचल्यास मी वाचेन.

६. उर्होला मी काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणतात, आणि मला त्याची सही हवी आहे. सही करण्याआधी त्याने सगळे वाचावे.

स्वहस्ते लिहून, साक्षीदारांसमोर सही केली.
हेल्मी कंगासनिएमी
लोही तळे, ९ मार्च २०१९

साक्षीदार:
१. सेन्या मत्तिला, पोस्टमास्तर
२. उर्हो कंगासनिएमी. सगळं वाचलं. सही केली म्हणजे माफ केलं असं समजू नये. मंगळवारी मीच वाचणार, तू शेजारी उभी राहा.