दाजी, तुमच्या तोंडाचा मग

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो सध्या उभ्यानेच घातला आहे, मनातून मात्र मी पूर्ण आडवा आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? पित्त? निवृत्त झालात तरी पाणीपुरवठा कार्यालयातले लोक अजून तुम्हाला बघून फुटपाथ बदलतात ना? आमच्याकडे सर्व क्षेम. ताईची तब्येत उत्तम आहे. चार दिवस माहेरपण म्हणून आली तेव्हा होती त्यापेक्षा बरीच उत्तम. एक गोष्ट दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून तुमच्या कानावर घालण्याआधी मीच घालावी म्हणून हे पत्र लिहितो आहे. फोनवरही सांगितली असती, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता. पत्रात तशी सोय नाही.

तर झालं असं, की माझ्या कारखान्यात (तुम्ही ज्याला चारचौघांत ‘मेहुण्याची मडकी’ म्हणता, तोच) एक गृहस्थ आले. आम्ही त्यांना बेटवाले म्हणतो, कारण हमरस्त्यावर टायरच्या दुकानाशेजारी त्यांनी ‘बेट’ नावाचा बार काढला आहे. समुद्र तिथून इतका लांब, की तिथल्या लोकांना मीठसुद्धा पुडीतूनच ठाऊक. त्यांना टिकी मग हवे होते. टिकी मग म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, पण गिऱ्हाइकासमोर मी कधी ‘नाही’ म्हणत नाही, नंतर निस्तरतो. दूर महासागरातल्या बेटांवरचे लोक लाकडात आपल्या देवांचे, पूर्वजांचे चेहरे कोरतात. वटारलेले डोळे, पसरलेलं नाक, विचकलेले दात. त्याला टिकी म्हणतात. कुठल्यातरी तिसऱ्याच देशातल्या बारवाल्याला वाटलं, की याचा पेला करून त्यात रम ओतावी. पूर्वजांना कोणी विचारलं नाही. तेव्हापासून जगभर लोक दुसऱ्याच्या आजोबांच्या डोक्यात नळी खुपसून पीत बसलेत. मला ते काही बरं वाटेना. म्हटलं, चेहरा आपल्या मनाने करू. असा, की तो कोणाच्याच आजोबांचा नसेल.

बेटवाल्यांची अट होती, की मग हाताने केलेला वाटला पाहिजे. मी भोळा माणूस, मी हातानेच केले. प्रत्येकाची जिवणी वेगळी, प्रत्येकाची नजर वेगळीकडे. बेटवाले ते रांगेत बघून म्हणाले, “हे बिघडलेत.”

“हाताने केलेत,” मी म्हटलं.

“ते दिसतंच आहे. मला हाताने केल्यासारखे पाहिजेत हो. पण सगळे सारखे. आणि बूड डुगडुगता कामा नये.”

म्हणजे साचा आला. आधी मातीत एकच अस्सल नमुना कोरायचा, त्यावर प्लास्टर ओतून दोन फाकांचा साचा घ्यायचा, साच्यात पातळ केलेली माती ओतायची आणि जरा घट्ट झाली की आतला मग बाहेर काढायचा. नमुना सुरेख झाला, पण साचा उघडेना. नाक आत अडकलेलं. नाकपुड्यांखालची खोबण प्लास्टरने अशी धरली होती, जशी तुम्ही एखाद्याची फाईल धरत असाल. शेवटी नुसत्या नाकासाठी साच्याचा तिसरा तुकडा करावा लागला. मग साच्याचा जोड दिसू नये म्हणून तो खरवडून काढायचा, आणि एवढं सगळं गुळगुळीत झाल्यावर त्यावर अंगठ्याचे ठसे उमटवायचे, हाताने केल्यासारखं वाटावं म्हणून. माझा खरा अंगठा दर वेळी वेगळा लागतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याचा रबरी शिक्का बनवून घेतला. आता माझा खोटा अंगठा माझ्या खऱ्या अंगठ्यापेक्षा खरा दिसतो. (माणसांचंही असंच होत असावं, पण तो विषय वेगळा.)

पहिला मग सुकत ठेवला होता, तेवढ्यात गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. हा पूर्वी परवान्यासाठी तुमच्या कार्यालयात खेटे घालून चपला झिजवलेला माणूस. तो पाना घेऊन वाकला, सहज वर बघितलं, आणि ताडकन उभा राहिला. पाना खाली, दोन्ही हात जोडलेले. फळीकडे बघून म्हणाला, “साहेब, अर्ज पूर्ण भरलाय. मागच्या वेळचीच झेरॉक्स लावलीय.”

मी वळून बघितलं. दाजी, शपथेवर सांगतो, तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. चष्म्यावरून बघताना तुमच्या भिवया जशा चढतात, तशाच चढलेल्या. ‘उद्या या’ म्हणताना ओठ जसा डावीकडे ओढला जातो, तसाच ओढलेला. मी ताईला हाक मारली. तिने मग हातात घेऊन नीट न्याहाळला आणि म्हणाली, “छे, यांची भिवई याहून जाड आहे.” आणि कोरणी घेऊन ती मूळ नमुन्यात जाड केली. साचा पुन्हा घ्यावा लागला.

आता झिलई. मग एकदा भट्टीत भाजला, की त्याच्या खाचांत तपकिरी रंग भरायचा आणि वरचा ओल्या फडक्याने पुसायचा. म्हणजे सुरकुत्या उठून दिसतात. (तुमच्या सुरकुत्यांना दोन हात लागले.) त्यावर हिरवी झिलई देऊन पुन्हा भट्टी. माझा हात नाकावर जरा सढळ पडला. भट्टी उघडली तर झिलई ओघळून नाकाच्या शेंड्यावर टपोरा हिरवा थेंब गोठलेला, आणि हनुवटीवरून वाहिलेली बुडाखाली गेलेली, त्यामुळे अख्खा मग फळीला चिकटलेला. छिन्नीने सोडवला. मी डोक्याला हात लावून बसलो, एवढ्यात बेटवाले आले. त्यांनी थेंबाला बोट लावलं आणि डोळे मिटले. “हीच! हीच ती हाताची खूण! प्रत्येकाला पाहिजे.” आता ताई बारीक ब्रशने प्रत्येक मगाच्या नाकावर मोजून थेंब सोडते. थोडक्यात, दाजी, तुम्हाला सर्दी झाली आहे, आणि ती भाजून पक्की झाली आहे.

बार जोरात चालला आहे. लोक पेयाचं नावच घेत नाहीत, “एक साहेब द्या” म्हणतात. तुमच्या कार्यालयातली जुनी मंडळी तर नेमाने येतात, आणि तुमच्या डोक्यात नळी घालून म्हणतात, “साहेब, आता करा सही!” तुमची एवढी आठवण तुमच्या निरोपसमारंभातही निघाली नव्हती.

यात माझा काडीचाही दोष नाही. साम्य निव्वळ योगायोगाने आलं. माती ती, वळवावी तशी थोडीच वळते! राग मानू नये. मानलात तर कसा दिसेल, हे आम्हाला रोज दिसतंच आहे.

आपला आज्ञाधारक,
धाकटा मेहुणा

ता. क. योगायोग वगैरे खोटं आहे. मला नाकं जमत नाहीत. चेहरा ताईने केला, फोटो न मागता, खिडकीतून बाहेर बघत. मी म्हटलं, “एवढं पाठ कसं तुला?” तर म्हणाली, “इतकी वर्षं दुसरं होतं काय बघायला?” (हे ती प्रेमाने म्हणाली की कसं, यावर मी पुष्कळ विचार केला. सांगता येत नाही.)

ता. ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. बेटवाल्यांना आता जोडीचा मग हवा आहे, बाईच्या चेहऱ्याचा. ताई तो करायला तयार नाही, आणि तुमच्याकडे परत कधी जाणार म्हटलं तर त्यावरही बोलत नाही. एवढंच म्हणाली, “त्यांना बोलव. मी शेजारच्या खोलीत बसते. म्हणावं, न बघता माझा चेहरा करून दाखवा, मग ठरवू.” तेव्हा लवकर या. तिचा जवळचा चष्मा कपाटात आहे, तो आणा. माती मळून ठेवली आहे. आणि दाजी, माझं ऐकाल तर निघण्याआधी लग्नाचा अल्बम काढून जरा डोळ्यांखालून घाला.