भोपळा कापण्याची सुरक्षित पद्धत: मसुदा पहिला

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.१५

रजेचा पहिला दिवस. साहेब म्हणाले होते, चौकशी होईपर्यंत घरी बसा. मी त्याला रजा म्हणतो. अकरा वर्षांत सलग दोन दिवस घरी बसलो नव्हतो. शरीराला गरज होतीच.

मनःस्थिती उत्तम. काहीच वाटत नाही.

काल ताईने तिच्या परसातला भोपळा पाठवला. लाल, देठासकट, सहा किलो दोनशे ग्रॅम. (भोपळा घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो, मग भोपळ्याशिवाय. माझंही वजन वाढलंय. ते इथे लिहायचं कारण नाही.) बायको लॅबमध्ये निघताना म्हणाली, घरी आहेस तर तेवढा कापून ठेव, संध्याकाळी भाजी करते. ती दिवसभर लोकांच्या शिरा शोधून रक्त काढते, तिला कापाकापीचं काही विशेष वाटत नाही.

मलाही नाही. पुठ्ठ्याच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे मी. दहा मिनिटांचं काम.

संकल्प: साडेदहापर्यंत भोपळा. अकरानंतर चौकशीसाठी निवेदन. दुपारी कारखान्यातल्या नानाच्या घरी जाऊन येणं.

संध्याकाळी ६.४०

भोपळा झाला नाही. कारण तांत्रिक. ओटा ओला होता. ओल्या जागेवर काम सुरू करू नये, हे मीच सगळ्यांना शिकवतो. ओटा वाळेपर्यंत दुपार झाली. निवेदन भोपळ्यानंतर ठरलं होतं, म्हणून ते राहिलं. नानाकडे निवेदन झाल्यावरच जाणं योग्य.

बायकोने अंडी केली.

४ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री ८

आज अभ्यास. भोपळा कापण्याचे सात व्हिडिओ लावले. तिसऱ्यात एका बाईची सुरी घसरते. फोन पालथा ठेवला. कंटाळा आला होता.

मग स्वतःची कार्यपद्धती लिहायला घेतली. सुरी धारदार हवी, कारण बोथट सुरीला जोर लागतो आणि जोर लावला की ती घसरते. फळीखाली ओलं फडकं, म्हणजे फळी हलत नाही. भोपळा गोल बाजूवर डुगडुगत ठेवायचा नाही, आधी बसवायचा. सुरीचं टोक आधी घालायचं, मग मूठ खाली दाबायची. दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीही

चहाची वेळ झाली.

बायकोने वाचलं. म्हणाली, छान लिहिलंयस, पण यात भोपळा कुठे कापलाय? म्हटलं, आधी कागद, मग काम. ती म्हणाली, नानाच्या वेळी कागद होताच की. आणि हात धुवायला गेली. बराच वेळ धूत होती. लॅबवाल्यांना सवयच असते.

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १२

निवेदनाला बसलो. वस्तुस्थिती अशी. नाना पंचिंग मशीनवर असतो. मशीन पुठ्ठ्याच्या तावातून खोक्याचे आकार कापतं. पात्यापुढे जाळीचा गार्ड असतो, तो बंद केल्याशिवाय पातं खाली येत नाही. अपघाताच्या आठवड्यात मंगळवारी गार्डचं बिजागर मोडलं. काम थांबू नये म्हणून कुणीतरी स्विचवर टेप चिकटवली आणि गार्ड भिंतीला टेकवून ठेवला. शुक्रवारी, २४ ऑक्टोबरला, नानाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

माझ्या चेकलिस्टमध्ये चौदा मुद्दे आहेत. त्यातला एक, गार्ड जागेवर आहे का. चारही दिवस त्यापुढे बरोबरची खूण आहे. मी ती टेबलावर बसून करतो. टेबलावरून मशीन दिसतं. मध्ये कपाट येतं, पण अंदाज येतो.

वरचं सगळं निवेदनात घालण्याची गरज नाही. भाषा सुधारून मग लिहीन.

हे लिहितानाही काही वाटलं नाही. खंबीर माणसांचं असंच होत असावं.

दुपारी सुरीला धार लावली. भोपळ्याला हात लावला नाही. एका दिवशी एकच काम.

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ११.४०

आज प्रत्यक्ष कारवाई. ११.०५ ला सुरी घातली. बोटभर आत गेली आणि बसली. पुढे जाईना, मागे येईना. ओढावं तर अख्खा भोपळा सुरीबरोबर उचलला जातो. भोपळा आधी बसवायचा राहिला होता. पण तो मुद्दा मसुद्यातला आहे, अजून अंतिम नाही.

जोर लावणं धोक्याचं. थांबलो. वेळेवर थांबता येणं हीच खरी सेफ्टी.

सुरीसकट भोपळा जेवणाच्या टेबलावर ठेवला, वर फडकं टाकलं.

रात्री ९

घरात मोठी सुरी एकच, हे लक्षात आलं. बायकोने फळं सोलायच्या चाकूने कांदा चिरला. तिचा माझ्यावर विश्वास आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ४

ऑफिसचा क्लार्क पत्र घेऊन आला. चौकशी सोमवारी, अकरा वाजता. तो फडक्याकडे बघत राहिला. विचारलं, सर, आत काय आहे? म्हटलं, भोपळा. म्हणाला, आणि वर उभं काय आहे? म्हटलं, काम चालू आहे. पाणीही न पिता गेला.

ताईचा फोन. कसा निघाला गं... म्हणजे रे, अशी तिची नेहमीची गडबड. म्हटलं, एकदम गोड.

उद्या नानाकडे नक्की. किंवा रविवारी. रविवारी माणूस घरी असतो. (तो सध्या रोजच घरी असतो, हा मुद्दा नंतर सुचला.)

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ७

मी जाणार त्याआधी नानाच आला. दुपारी तीनला. उजव्या हाताला जाड बँडेज. दारातच म्हणाला, सर, झोपेतून नाही ना उठवलं? म्हटलं, कामात होतो. तब्येत विचारली. म्हणाला, बरी आहे, फक्त नसलेली बोटं खाजतात. मी म्हटलं, अरे वा. का म्हटलं कळत नाही.

मग त्याला टेबल दिसलं. फडकं काढून पाहिलं आणि हसला. इतक्या दिवसांत या घरात कुणी हसलं नव्हतं. म्हणाला, ओढू नका सर, एकदम सुटेल आणि अंगावर येईल. मूठ नुसती वरखाली हलवत राहा. मला धरता येत नाही, तुम्हीच धरा.

धरली. त्याने डावा तळवा भोपळ्यावर ठेवला. मी म्हटलं, हात काढ. तो म्हणाला, मग धरणार कोण? मी म्हटलं, हात काढ आधी. जरा मोठ्याने म्हटलं असावं. त्याने काढला. टॉवेल मागितला, एका हाताने त्याची चुंबळ केली, त्यावर भोपळा बसवायला लावला. भोपळा हलेना. सुरी सुटली.

म्हणाला, आता देठातून नाही, देठाच्या शेजारून. ही पन्हाळ दिसते ना, तिच्यातून टोक घाला. मूठ दाबा. अडलं की लाटण्याने पात्याच्या पाठीवर हळू ठोका. मी ठोकत होतो. तो म्हणाला, सर, बघा तिकडे. न बघता नाही होत. मग बघितलं. पातं खाली जात होतं, बाकी काही होत नव्हतं. मागच्या बाजूनेही तसंच केलं आणि भोपळा कडकन उकलला. पुढचं सोपं होतं. अर्ध्याची कापलेली बाजू खाली ठेवली की तो कुठे जात नाही. फोडी तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्या की साल नरम पडते. एकूण बारा मिनिटं.

आम्ही दोघं बियांकडे बघत उभे होतो. तो म्हणाला, सोमवारी काय सांगू?

म्हटलं, झालं ते सांग. स्पष्ट आवाजात म्हटलं.

तो म्हणाला, गार्डचं मी तुम्हाला मंगळवारीच सांगितलं होतं, तेही सांगू?

मी म्हटलं, बिया काढायला चमचा लागेल. चमचा आणायला आत गेलो. नीट शोधला. बाहेर आलो तेव्हा तो चपला घालत होता. अर्धा भोपळा पिशवीत घालून त्याच्या डाव्या हातात दिला.

९ नोव्हेंबर, रविवार. रात्री ९.३०

भाजी झाली. बायकोने विचारलं, कोणी कापला? म्हटलं, दोघांनी. भाजीत मीठ नव्हतं. ती म्हणाली, बरोबर आहे मीठ. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतली.

निर्णय झाला आहे. उद्या मी स्वतः सांगणार. तीन वाक्यं. नानाने सांगितलं होतं. मी बघायला गेलो नाही. खुणा टेबलावरून केल्या. आरशासमोर चार वेळा म्हटली, कुठेही अडलो नाही. उद्यानंतर मान वर करून चालता येईल.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपारी २

एकोणीस मिनिटांत संपलं.

तीन माणसं, एक लांब टेबल. आधी नानाचा जबाब वाचून दाखवला. गार्ड मीच काढला, टेप मीच लावली, कुणाला सांगितलं नाही, सर नेहमी सूचना देत असतात. नाना बाजूच्या खुर्चीवर होता. गुडघ्याकडे बघत होता.

अध्यक्षांनी मला विचारलं, यावर तुम्हाला काही म्हणायचंय?

मी तोंड उघडलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. प्यायलो. म्हटलं, थँक यू.

त्यांनी तेच उत्तर म्हणून लिहून घेतलं.

उद्यापासून कामावर. बाहेर सगळ्यांनी हात मिळवला. नानाला गाठणार होतो, पण त्याची बस आली होती. उद्या सगळं लेखी देईन. लेखी जास्त ठोस असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६

मशीनवर नवा माणूस. गार्डला नवं बिजागर.

नानाला हलकं काम दिलंय, गेटवर. येणाऱ्याजाणाऱ्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहायची. डाव्या हाताने लिहितो, त्यामुळे सकाळी रांग लागते. मी शेवटचा होतो. पार्किंगमध्ये थोडा वेळ गाडीतच बसून होतो, इंजिन थंड होईपर्यंत.

आमची वेळ साडेआठची. गेटवरच्या घड्याळात पावणेनऊ वाजले होते. नानाने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जीभ दातांत धरून एकेक आकडा काढला. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवून हळूच म्हणाला, साडेआठ लिहिलंय, सर.

मी आत गेलो.