बाकावर मला जागा ठेव

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

बापूच्या डोळ्याची पट्टी काल सुटली. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल घरी जा. आणि तुझं पत्र म्हणतं, त्यांना एकटं पाठवू नका, मी न्यायला येते. अगं, नवरा आहे की पार्सल? जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. माझ्या भिंतीवरच्या घड्याळाला दिवसातून तीनदा किल्ली देतो, इतकी त्याला काळजी! तूच त्याला पदराआड ठेवून म्हातारा केलास. नणंद आहे, म्हणून स्पष्ट बोलते.

तरी तुझ्या समाधानासाठी माझ्या या धाकट्या भावाची परीक्षा घेतली. म्हटलं, इथपासून आपल्या देवळाच्या गावापर्यंतची स्टेशनं सांग. एका दमात सांगितली, ओळीनं, एकही न चुकता. मी सुट्टीत कॉन्व्हेंटमधून घरी यायचे तेव्हा आम्ही दोघं म्हणायचो, त्याच चालीत. आमच्या सिस्टर्सनी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

सोमवारी सकाळच्या गाडीत बसवून देते. गाडी थेट आहे, बदलायची भानगड नाही. हौसच असेल तर दुपारी स्टेशनवर जा. फोन करत नाही. मागच्या वेळी तुझ्या कानांपायी ओरडून माझा घसा बसला, आणि तुला ऐकू आलं ते भलतंच.

लोभ आहेच, तो वाढायला हवा असेल तर जरा धीर धरायला शीक.

ताई

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न. वि. वि.

तुमच्या उत्तराची वाट बघवेना, म्हणून पुन्हा लिहिते. मागच्या पत्रात खरं लिहिलं नाही. ह्यांनी शपथ घातली होती, ताईला कळता कामा नये.

ह्यांचं विसरणं आता साधं राहिलेलं नाही. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडलं, सगळे भाग बशीत मांडले, आणि मला हाक मारून विचारलं, हे कुणी मोडून ठेवलंय? मी शिवणाचं मशीन सोडून गेले, तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी. जुनं विचारा, घडाघडा सांगतील. जेवण झालं की नाही, ते मात्र आठवत नाही.

प्रवासाचं भय त्यामुळेच. ह्यांच्या डोक्यात गावाचं जुनं स्टेशन आहे, देवळामागचं. ते बंद पडून किती वर्षं झाली! आता गाडी पुढे, नदीपलीकडे थांबते. जुन्यावर सिग्नलपुरती रेंगाळते, तेवढ्यात हे उतरायला जातील.

मी बुधवारी येते. तोवर ह्यांना नजरेआड करू नका. रागावलात तरी चालेल, तुमच्या रागाची मला सवय आहे.

राग ओसरला की लोभ असावा.

आपली धाकटी

सोमवार, ९ फेब्रुवारी

धाकटे,

मायना आज राहू दे. तुझं पत्र आत्ता आलं. बापू सकाळीच गेला. खिडकीतून हात हलवत गेला, सहलीला निघालेल्या मुलासारखा.

काय म्हणू तुला? शपथ घातली म्हणून गप्प बसलीस? ब्लाउज शिवतेस तेवढे पुरे नाहीत, तोंडही शिवून ठेवलंस?

तशीच स्टेशनवर गेले. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, वस्तू हरवली का? म्हटलं, हो, वस्तूच. पांढऱ्या केसांची, काळा चष्मा लावलेली. पुढे निरोप धाडतो म्हणाला. मी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीत काढली. 'हो, लावतो' म्हणणारे किती लावतात, ते मला ठाऊक आहे. तुझ्या शेजारच्या औषधवाल्याचा फोन नुसता वाजतोय.

त्याच्या खिशात पत्ता ठेवणार होते. अपमान वाटेल म्हणून ठेवला नाही.

काहीही कर, पण त्याला शोध.

ताई

मंगळवार, १० फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न. वि. वि.

हे घरी आहेत. काल संध्याकाळी औषधवाल्याच्या फोनवर मी ओरडले, ते तुम्हाला कळलंच. तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही. म्हणून सगळं लिहूनच कळवते.

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं आणि मी नव्या स्टेशनवर पळाले. गाडी आली, सगळे उतरले, हे नाहीत. डबे पाहत गेले. एका डब्यात ह्यांची पिशवी बाकावर तशीच. ती उचलून बाहेर पळाले. रिक्षावाल्याला म्हटलं, जुन्या स्टेशनवर चल. तो म्हणाला, काकू, तिथं आता फक्त शेळ्या उतरतात.

हे तिथंच होते. फलाटभर गवत, त्यात एकच बाक उरलाय, त्यावर ताठ बसलेले. एका पायात चप्पल नाही, कोपर सोललेलं. म्हणाले, देवळाचा कळस दिसला, म्हणून उतरलो. मी म्हटलं, चला घरी. तर म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, बाई. आज माझी ताई कॉन्व्हेंटमधून येणार आहे.

मला बाई म्हणाले, ताई.

मी म्हटलं, ताईंची गाडी चुकली, त्या उद्या येतील. तेव्हा कुठे उठले. रात्री जेवताना मला ओळखलं, मीठ कमी आहे म्हणाले. मला इतकं बरं वाटलं! पण आज दुपारी पुन्हा चपला घालून दारात उभे.

तुमच्या नावावर खोटं बोलले, त्याची क्षमा असावी. रोज काय सांगू, ते तुम्हीच कळवा. लोभ आता दोघांवरही असू द्या.

आपली धाकटी

गुरुवार, १२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

रोज खोटं बोलायची गरज नाही. शनिवारच्या गाडीनं मी येते. गुडघा कुरकुरतोय, पण घरात कुरकुरणारी मी एकटी पुरे.

रेल्वेला तक्रार लिहायला बसले होते. म्हातारा माणूस बंद स्टेशनवर उतरतो आणि गार्डाला दिसत नाही, वगैरे. दुसऱ्या पानावर लक्षात आलं, परीक्षा काही रेल्वेनं घेतली नव्हती. पान फाडलं. याहून जास्त माझ्याकडून वदवून घेऊ नकोस.

मी नव्या स्टेशनवर उतरून रिक्षानं जुन्यावर येईन. तू त्याला आधीच बाकावर नेऊन बसव. उशीर झाला तर सांग, ताई शेळ्यांच्या डब्यातून येतेय. हसेल.

तो मला ओळखेल का, ठाऊक नाही. तो वाट बघतोय ती ताई दोन वेण्यांची. म्हणून मी लांबूनच स्टेशनं म्हणत येईन, त्याच चालीत, आणि अर्ध्यावर थांबेन. पुढचं स्टेशन त्यानं म्हटलं, तर ओळखलं असं समजायचं. नाही म्हटलं, तर मी पहिल्यापासून सुरू करीन.

लोभ ठेव, आणि बाकावर मला जागा ठेव.

ताई